उन्हाळ्यात कुत्र्याला कसं सांभाळावं?

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मुंबई-रत्नागिरीत तो बहुतेक दिवस ३३-३५ वरच थांबतो. म्हणून किनाऱ्यावरच्या कुत्र्याचं बरं चाललंय असं समजू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, येतो तो पंजांच्या गाद्यांना, आणि तोही जेमतेम. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचा आणि नाकातला ओलावा वाफेवाटे उडवून बाहेर टाकतो. हवाच दमट असेल तर ही वाफ नीट उडत नाही. पग, बुलडॉग, शिट्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद, त्यामुळे त्यांचे हाल सर्वांत जास्त. लठ्ठ आणि म्हाताऱ्या कुत्र्यांचंही तसंच.

१. आधी फिरण्याची वेळ बदला

उन्हात पडून राहण्यापेक्षा उन्हात धावल्यानं कुत्र्याला ऊन लागायची भीती जास्त. चेंडूमागे पळणारा लॅब्रॅडॉर दमला तरी थांबत नाही, त्याला आपणच थांबवायचं. फिरायला न्यायचं ते सूर्य वर यायच्या आत. संध्याकाळी ऊन उतरलं तरी डांबर बराच वेळ तापलेलं असतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजा. हात ठेववत नसेल तर त्याचे पायही तिथे टिकणार नाहीत. मग मातीच्या कडेनं न्या किंवा गच्चीवर थोडं फिरवा. एखाद्या दिवशी फिरणं चुकलं म्हणून काही बिघडत नाही. तोंडावर घट्ट जाळी बांधून मात्र नेऊ नका, तोंड उघडता आलं नाही तर धापा टाकणार कसा?

२. बसायची जागा ठरवा

कोरड्या हवेच्या गावात वाळ्याचा कूलर उत्तम, पण समोरची एखादी खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोली दमट होते आणि फायदा निघून जातो. ओलं गोणपाटही कोरड्या हवेतच चांगलं. मुंबई, गोवा, कोकणात कूलरचा फारसा उपयोग नाही. तिथे पंखा, वाहती हवा आणि थंड फरशी. परवडत असेल तर दुपारचे काही तास एसी लावा. कुत्रा मोरीत किंवा न्हाणीघरात जाऊन पसरला तर त्याला उठवू नका, जागा त्यानं बरोबर निवडलेली असते. गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद बाल्कनीत दुपारी बांधून ठेवणं पूर्ण बंद. घरी कोणी नसताना वीज गेली तर काय, याचाही विचार करून ठेवा. निदान एक खिडकी आणि मोरीचं दार उघडं असू द्या.

३. पाणी आणि खाणं

दहा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी ठेवा. स्टीलपेक्षा मातीचं पसरट भांडं बरं, पाणी गार राहतं आणि ते सहज कलंडत नाही. पाणी दिवसातून दोनदा तरी बदला. जेवण पहाटे आणि रात्री. दुपारी खाल्लं नाही तर आग्रह नको. बिया काढलेलं कलिंगड, बिनमिठाचं पातळ ताक थोडं चालतं. आंब्याची कोय मात्र त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. गिळली तर आतड्यात अडकते आणि पोट फाडून काढावी लागते. आमरसाच्या दिवशी कचऱ्याचा डबा उंचावर!

४. केस भादरू नका

हस्की, जर्मन शेफर्ड, पॉमेरेनियन यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. तुळतुळीत भादरलं तर कातडी उन्हात पोळते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. रोज विंचरून गळणारे आतले केस काढले की पुरे. विंचरताना कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. त्यांच्यामुळे येणारा ताप उन्हाळ्यात बराच दिसतो.

५. गाडीत एकटा सोडू नका

‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून नाही, काच खाली करूनही नाही. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकतं.

६. ऊन लागलंच तर

धापा थांबत नाहीत, लाळ घट्ट आणि चिकट झालीय, हिरड्या लालभडक दिसतायत, चाल लटपटतेय, उलटी होतेय: यातलं काही दिसलं तर वाट पाहू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या वर जिवाला धोका.

आधी गार करा, मग दवाखाना. सावलीत आणून पोटावर, मांड्यांवर, मानेवर पाणी ओता आणि पंखा लावा. विदर्भात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजण्याइतकं तापतं, म्हणून एक बादली घरात सावलीत भरलेली असू द्या. बर्फ शोधत बसू नका. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो लगेच तापतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. तापमान १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा, नाहीतर ते खूप खाली जाईल. पॅरासिटामॉल किंवा माणसांची तापाची दुसरी कुठलीही गोळी अजिबात नको. या तापावर ती चालत नाही, उलट विषारी ठरू शकते.

उठून शेपूट हलवायला लागला तरी डॉक्टरांकडे न्याच. मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनीही दिसू शकते. तेवढे दिवस लघवी होतेय का, तिचा रंग गडद आहे का, शीतून रक्त पडतंय का, हे बघत राहा.