मिळून नाटक वाचताना

सुरुवातीला एकांकिकाच घ्या. पानाला दीड मिनिट धरलं, तर चाळीस पानांना तासभर लागतो. सगळ्यांकडे एकाच आवृत्तीच्या प्रती हव्यात, नाहीतर पान शोधण्यातच रंग उतरतो.

भूमिका आदल्या दिवशी वाटा. माणसं कमी असतील तर एकाला दोन भूमिका द्या, पण ती दोन पात्रं एकाच प्रवेशात समोरासमोर येत नाहीत ना, हे आधी पाहा. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस हवाच. त्याने कोण आलं, कोण गेलं, दिवे, आवाज एवढंच वाचावं. ‘रागाने’, ‘हळूच’ यांसारख्या सूचना वाचू नयेत. तो राग वाचणाऱ्याच्या आवाजात यायला हवा.

वाचन रेंगाळतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने: समोरचा थांबल्यावर आपण आपली ओळ शोधू लागतो. म्हणून आपल्या संवादांबरोबर त्याआधीच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्दही पेन्सिलीने अधोरेखित करा. ते कानावर पडताच बोलायचं. आणि कुणी अडखळलं, उच्चार चुकला, तर मध्येच दुरुस्त करू नका. लाजरा वाचक तिथेच मिटतो, पुढचा सगळा प्रवेश तो पुटपुटत वाचतो.