तोड लागण्याआधी मेलची तयारी

पोळा फुटला की संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड दोन-अडीच महिन्यांवर येते. वरूड-मोर्शीकडची शेतकरी उत्पादक कंपनी व्यापाऱ्यांना स्वतःच्या डोमेनवरून, स्वतःच्या मेल सर्व्हरने कोटेशन पाठवत असेल, तर मेलचं काम आत्ताच काढावं. नव्या आयपीची (सर्व्हरच्या इंटरनेट पत्त्याची) पत चार दिवसांत बसत नाही.

आधी सर्व्हरचा लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेलची नोंदवही, नीट वाचा. ‘स्टेटस=सेंट’ आणि पुढे कंसात २५० दिसलं, म्हणजे समोरच्या सर्व्हरने मेल घेतला, एवढंच. ती मालाची पोच झाली; पेटी दुकानात मांडली की मागच्या दाराने फेकली, हे पोचपावतीवर नसतं. एसएमटीपीच्या (सर्व्हरांनी मेल देण्या-घेण्याच्या ठरलेल्या पद्धतीच्या) नियमाने घेतलेला मेल पोचवायचा किंवा परत कळवायचा असतो, पण स्पॅमच्या संशयावरून गुपचूप टाकून देणारे मोठे प्रदाते आहेतच. बाउन्स, म्हणजे मेल पोचला नाही अशी सूचना, येणार नाही, तेव्हा त्या ओळीतली वेळ, आयपी आणि समोरच्याने दिलेला क्रमांक उतरवून ठेवा. तक्रारीला तोच पुरावा.

सर्व्हर गावातल्या ब्रॉडबँडवर नको. लोडशेडिंगला इन्व्हर्टर आहे, पण घरगुती बदलते आयपी बहुधा स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेच्या पीबीएल यादीत (जिथून थेट मेल येऊ नये अशा आयपींच्या) असतात. स्थिर आयपीचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या. पीटीआर नोंद (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी) डोमेन विकणाऱ्याकडे मागू नका. आयपी ज्याचा, त्या होस्टिंगवाल्याकडूनच ती होते. होस्टनेम आणि आयपी दोन्ही बाजूंनी जुळले पाहिजेत. आयपीव्ही६ला (नव्या पद्धतीच्या लांब आयपीला) पीटीआर नसेल तर मेलपुरतं ते बंद ठेवा.

एसपीएफची नोंद (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, ते सांगणारी) एकच, तिच्यामुळे होणारे डीएनएस (डोमेनच्या नोंदींचे) शोध दहाच्या आत. बिलिंगवाला, जुनं होस्टिंग असे इन्क्लुड (इतरांच्या एसपीएफ नोंदींचे उल्लेख) वाढत गेले की परमएरर (नोंदच चुकीची ठरण्याची त्रुटी) येतो, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. डीकेआयएम किल्ली (मेलवर डोमेनची डिजिटल सही करणारी) २०४८ बिटांची. डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते सांगणारी नोंद) सुरुवातीला पी=नन (काही कारवाई नको), अहवालाच्या पत्त्यासह.

जीमेल, आउटलुक, याहूवर एकेक चाचणी खातं उघडा. जीमेलच्या ‘शो ओरिजिनल’मध्ये तिन्हींपुढे पास हवं. तरी मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, कारण पास म्हणजे ओळख पटली, पत नव्हे. पहिला आठवडा रोज वीस-तीसच मेल, तेही उत्तर देणाऱ्या व्यापाऱ्यांनाच. नुसती पीडीएफ जोडून मजकूर कोरा ठेवू नका. भाव, पेट्या, तारीख मेलमध्येच लिहा. गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये (जीमेलला गेलेल्या मेलचे आकडे दाखवणाऱ्या सेवेत) डोमेन नोंदवा. स्पॅम तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली हव्यात, ०.३ गाठूच नयेत. मेल थोडे असतील तर तिथला आलेख कोराच राहतो.

कोटेशन गेलं की अर्ध्या तासात फोन लावा: “भाऊ, मेल आला काय? नसंल तर स्पॅममध्ये पाहा बरं, अन् सापडला तर ‘नॉट स्पॅम’ दाबून तिथूनच उत्तर द्या.”