मुलांसाठी रहस्यकथा लिहिताय? या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

गेल्या मे महिन्यात बाहेर ४३ डिग्री, दुपारी पोरं घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून मी बिल्डिंगमधल्या आठ-नऊ पोरांना जिन्याखाली सावलीला बसवलं आणि माझ्या कादंबरीचं हस्तलिखित वाचून दाखवलं. सगळी ८ ते १२ वयाची, म्हणजे ज्यांच्यासाठी लिहिलंय तीच. चौथ्या प्रकरणाला एकजण म्हणाला, "काका, सगळं तर पोलीसमामाच करायलेत की, मग ती पोरं काय करायलीत?"

तिथंच कळलं. ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळे तीच करतात: तपास मोठ्यांच्या हातात जातो. कुणाचा तरी मामा पोलिसात असतो, कुणाचा काका पत्रकार, आणि पोरं नुसती मागं मागं पळतात. त्यावर उपाय म्हणून मोठ्यांना मूर्ख दाखवू नका, ते तर अजून वाईट. ती माणसं फक्त कामात असू द्या. आणि पोरांना अशी माहिती द्या जी पोरांनाच मिळते, कारण मोठी माणसं पोरांसमोर बिनधास्त बोलतात, यांना काय कळतंय म्हणून.

दुसरी चूक माझी फार लाजिरवाणी होती. गोष्ट अशी, की आमच्या सोलापुरातल्या चादरीच्या एका कारखान्यातून जुनी नक्षी चोरीला जाते. शेवटच्या प्रकरणात माझी हिरॉईन संगी कपाटातून एक चिठ्ठी काढते आणि चोर सापडतो. ती चिठ्ठी आधी कुठंच नाही! पोरं भडकलीच, "हे आधी सांगितलंच नव्हतं, चीटिंग आहे." बरोबर आहे त्यांचं. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्लिश पाद्री होते, स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ साली या खेळाचे दहा नियम मांडले, त्यातला एक हाच की डिटेक्टिव्हला सापडलेला पुरावा लगेच वाचकासमोर ठेवायचा. अजून एक नियम आहे, गुप्त खोली किंवा चोरवाट एकाहून जास्त नको. हा वाचून मी गुपचूप भुईकोट किल्ल्यातली दोन भुयारं खोडली, तीन होती.

मग चिठ्ठी काढली आणि पुरावा चादर विणायच्या मागातच शोधला. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीदार कापड विणायच्या मागावर नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत असते, पुठ्ठे ओळीनं शिवून त्यांची माळ करतात आणि एकेका पुठ्ठ्यावर एकेक आडवा धागा ठरतो. आता दुसऱ्याच प्रकरणात संगीच्या हातून ती माळ पडते, तुटते, ती घाईत पुठ्ठे उलटसुलट शिवते आणि चादरीवरच्या फुलाची पाकळी मोडते, दर फुलाला तीच, त्याच जागी. आजोबा ओरडतात, वाचक हसतो, विसरतो. सहाव्या प्रकरणात नवी पेठेतल्या एका दुकानात तीच नक्षी दिसते आणि तिथं पण दर फुलाला एकाच जागी पाकळी मोडलेली, फक्त वेगळी पाकळी. म्हणजे कुणीतरी चोरलेली माळ घाईत परत शिवलीय. हे वाचकाला संगीच्या आधी सुचू शकतं, आणि सुचलं तर तो पुस्तक उशाला घेऊन झोपतो.

गाव नीट वापरा. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये चोराला रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं पळवलं होतं, आता सोलापुरातल्या शेंबड्या पोराला पण माहितीय की हुतात्मा सकाळी पुण्याला जाते, रात्रीची मुंबईची गाडी सिद्धेश्वर. आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा उन्हाळी सुट्टीत घातली होती, ती संक्रांतीला जानेवारीत असते, तेव्हा शाळा चालू. आणि साखर कारखान्याच्या चिमणीची खूण ठेवून एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, ती चिमणी जून २०२३ मध्ये पाडली, प्रकरण गेलं. पण गाव नीट धरलं तर तेच पुरावा देतं. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं ना, तर माझा एक संशयित म्हणतो, "त्या सकाळी मी घरी पाणी भरत होतो." त्याच्या गल्लीची पाळी त्या दिवशी नव्हतीच! पुण्यातला संपादक हे वाचून पुढं गेला असता, इथली पोरं ओरडलीच.

मोबाईलचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. दर वेळी बॅटरी संपवू नका, एकदा चालतं. त्यापेक्षा फोनलाच गोत्यात आणा, म्हणजे फोटो आहे पण त्यात नेमकी पाकळीच्या जागी घडी आलीय.

संशयित निवडताना वॉचमन, भंगारवाला, बाहेरगावचा माणूस यांच्यावरच बोट दाखवायची सवय सोडा. पोरं हे चटकन ओळखतात, आणि ज्याचा बाप वॉचमन आहे तो पोरगा पण वाचतोय हे लक्षात असू द्या. भाषेचं पण तेच, माझी सगळी पोरं आधी सदाशिव पेठेतल्यासारखी बोलायची. आता गोष्टीतला व्यंकटेश घरी तेलुगू बोलतो आणि मित्राला "काय करायलास बे" म्हणतो, एकदम जिवंत झाला. खून वगैरे नको, या वयाला चोरी, नकली वस्तू, खोटा आळ पुरतो.

तपासणी कशी करायची सांगतो. उत्तराच्या आधीचं प्रकरण संपलं की थांबा, पोरांना चिठ्ठीवर चोराचं नाव लिहायला सांगा. कुणालाच आलं नाही तर पुरावा तुम्ही लपवलाय, वाचकाला दिलेला नाही. सगळ्यांना आलं तर घाबरून चोर बदलू नका, मी बदलला होता, मागची सगळी प्रकरणं उसवली आणि दोन महिने गेले. चोर तोच ठेवा, पुरावा बुजवा. तीन वस्तूंच्या यादीत पुराव्याची वस्तू मधे टाका आणि लगेच पुढच्या ओळीला काहीतरी हसायचं ठेवा. माझ्याकडं आता संशयिताच्या पिशवीत शेंगाचटणी, पुठ्ठे शिवायचा दोरा आणि कडक भाकरी आहे, आणि भाकरी एवढी कडक की व्यंकटेश तिनं खिळा ठोकतो. दोरा कुणाच्या लक्षात राहिला नाही.