पक्ष्यांचे आवाज टिपणारी डिश: माईक नेमका कुठे लावायचा?

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पक्ष्यांचे आवाज टिपताना वाडग्यासारख्या डिशमधून आवाज दबका येत असेल, तर आधी माईकची जागा तपासा. व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागलं की आवाज जिथे एकवटतो त्या बिंदूचं, म्हणजे केंद्राचं (फोकसचं), तळापासूनचं अंतर मिळतं. माझी डिश ६० सेंमी व्यासाची, १० सेंमी खोल; म्हणजे ३६०० भागिले १६०, तळापासून २२.५ सेंमी. माईकचं तोंड पक्ष्याकडे नको, डिशच्या तळाकडेच हवं. मग अर्धा-अर्धा सेंमी पुढेमागे सरकवत, आवाज सर्वांत खणखणीत येईल तिथे स्क्रू आवळला. साधारण ५७० हर्ट्झखालच्या लहरी डिशच्या व्यासापेक्षा लांब असतात, त्या नीट एकवटत नाहीत. पायथ्याच्या पौड रस्त्यावरच्या वाहनांची घरघर अशीच खालच्या पट्टीतली; ती फिल्टरनेच कापावी. डिशच्या पृष्ठभागाला चकाकी लागत नाही. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीही तारेच्या जाळीच्याच आहेत, कारण जाळीची भोकं रेडिओ लहरींपेक्षा खूप लहान.