'सॉरी म्हण' म्हणायच्या आधी थांबा: वर्गातल्या या चुका टाळा

मधल्या सुट्टीत पाव-भाजी वाटताना चौथीतल्या एकाचा धक्का दुसऱ्याला लागला आणि भाजी जमिनीवर. मी तेव्हा नवी होते, घंटेची घाई होती. "सॉरी म्हण. हात मिळव. चल, संपलं." दोघांनी मुकाट्याने हात मिळवले. शाळा सुटेपर्यंत धक्का देणाऱ्याची छत्री व्हाळात, म्हणजे ओढ्यात. जून महिन्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यात छत्रीशिवाय घरी जाणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यालाही कुणीतरी मागून ढकललं होतं. माफी मागायला लावली त्याचा काही दोष नव्हता, आणि ज्याचा होता तो निवांत पाव खात बसला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी: आधी दोघांना पाणी पाजते, दहा मिनिटं काही विचारत नाही. मग एकेकट्याला, "काय झालं?" आणि "आता काय करूया?" बहुतेक वेळा उत्तर मुलंच देतात. एकाने आपला अर्धा पाव दिला होता. 'सॉरी' शब्द कुणी उच्चारलाच नाही. शास्त्रशुद्ध आहे की नाही मला माहीत नाही, पण छत्र्या व्हाळात जायच्या थांबल्या.

दुसरी चूक पाठांतराची. जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्यं सांगितली: स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, ताण हाताळणं वगैरे. त्यांचा रंगीत तक्ता भिंतीवर लागतो, मुलं घडाघडा म्हणतात, पाहुणे खूश. त्याच तक्त्याखाली रांगेत ढकलाढकली चालूच.

तिसरी चूक भाषेची. "तुझ्या भावना सांग" म्हटलं की मूल छताकडे बघतं. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला "तुका कशें दिसता?" (तुला कसं वाटतंय?) विचारा, "तिडक आयली" (राग आला) असं लगेच येईल. पुस्तकी शब्द नंतर शिकवा.

आता माझा सगळ्यात लाडका राग: मुलांचं काम आपण करून टाकणं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीआधी आम्ही शाळेत छोटी माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळा-पानांनी सजवलेली चौकट) बांधायला दिली. कोण काय आणणार, कोणी कुठे बांधायचं, सगळं मुलांनी ठरवायचं. आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस, एक भला मोठा चिबूड. तासभर नुसती भांडणं. एकाला मधली जागा हवी, दुसरीच्या गाठी सुटतात, चिबूड एका बाजूला लटकलेला. दुपारी पाहुणे येणार होते, म्हणून मी स्टुलावर चढले आणि सगळं सोडून नीट बांधलं. फोटो सुंदर आले. पुढच्या वर्षी मुलांना सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुम्हीच बांधा. नाहीतरी तुम्ही सोडून परत बांधताच." त्या वर्षी माटोळी वाकडी राहिली आणि मी हात मागे बांधून उभी राहिले. फार कठीण गेलं, खोटं कशाला बोलू.

काही किरकोळ गोष्टी. दीर्घ श्वास शांत दिवशी शिकवा. मूल संतापलेलं असताना "श्वास घे" म्हणणं म्हणजे आगीत तेल. गोलात बसवून लाजऱ्या मुलाला बोलायची सक्ती नको. आणि "दोन महिन्यांत वर्ग बदलतो" असं सांगणाऱ्या कार्यशाळांना मी चहापुरतीच जाते.

एक चूक मात्र किरकोळ नाही. मुलाने काही गंभीर सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराचा विषय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. "मदत करू शकेल त्यालाच सांगेन" इतकंच म्हणा, आणि स्टाफरूममध्ये त्याची चर्चा नको. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कुणी पुसला तर परत लिहा.