मॉडबस स्लेव्ह सेट करताना या चुका टाळा

वाळूज घ्या, जालन्याच्या रोलिंग मिल घ्या, नाहीतर लातूरकडचे साखर कारखाने. स्काडाला (यंत्रांवर स्क्रीनवरून देखरेख करणारं सॉफ्टवेअर) मॉडबस स्लेव्ह करताना चुका त्याच होतात. मॉडबस म्हणजे यंत्रांची आपसात बोलायची पद्धत; त्यात मास्टर विचारतो, स्लेव्ह उत्तर देतो. मास्टरने विचारल्याशिवाय स्लेव्हने बोलायचं नसतं. हे न समजता पोरं आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग (स्वतःहून सारखं विचारत राहणं) चालू करतात आणि एका आरएस-485 या सिरीयल लाइनवर दोन मास्टर होतात.

सगळ्यात जास्त रात्री वाया जातात त्या फ्लोटपायी, म्हणजे दशांश संख्येपायी. लातूर भागातल्या एका कारखान्यात ऐन गाळपात बॉयलरचं प्रेशर दुसऱ्या सिस्टीमला द्यायचं होतं. चाचणीसाठी टॅगमध्ये (स्काडातल्या त्या मापाच्या कप्प्यात) 45 भरलेलं, तरी समोरच्या स्क्रीनवर 0.00. पोरांनी कन्व्हर्टर बदलला, नवीन केबल ओढली, ए-बी तारा उलटसुलट केल्या. पहाट झाली. दोष होता वर्ड ऑर्डरचा, म्हणजे संख्येचे दोन भाग कोणत्या क्रमाने वाचायचे त्याचा. 45.0 हा 32 बिटचा फ्लोट हेक्समध्ये 4234 आणि 0000 असा दोन रजिस्टरांत (16 बिटच्या कप्प्यांत) बसतो. ती उलट क्रमाने वाचली की संख्या इतकी सूक्ष्म होते की स्क्रीनवर शून्यच दिसतं. एरर एकही नाही आणि आकडा चुकीचा, अशा वेळी वायरला हात लावू नका.

म्हणून मी खरे टॅग शेवटी जोडतो. आधी रजिस्टरांत 1001, 1002, 1003 असे ओळीने आकडे भरतो आणि एका फ्लोटमध्ये 123.456. वर्ड ऑर्डर उलटी असेल तर शून्याऐवजी प्रचंड मोठी ऋण संख्या येते, ती लपत नाही. पत्ता चुकला असेल तर 1001 च्या जागी 1002 दिसतो: कागदावरचं 40001, म्हणजे पहिलं रजिस्टर, लाइनवर 0 या पत्त्याने जातं, आणि ही एकची वजाबाकी काही सॉफ्टवेअर स्वतः करतात, काही करत नाहीत. घाईच्या पोरांना ही दहा मिनिटं जड वाटतात.

सिरीयल लाइनवर स्लेव्ह आयडी 1 ते 247 मधलाच द्या; 0 ब्रॉडकास्टचा, त्याला उत्तर मिळत नाही. पॅरिटी (चूक ओळखायच्या बिटची सेटिंग) दोन्हीकडे एकच. होल्डिंग रजिस्टर (वाचता-लिहिता येणारं) वाचायला फंक्शन 03, इनपुट रजिस्टरला (फक्त वाचता येणारं) 04. एक्सेप्शन 02 (असा पत्ता नाही, असं स्लेव्हचं उत्तर) आला तर लाइन ठीक आहे, मॅप (रजिस्टरांच्या पत्त्यांची यादी) तपासा. 120 ओहमचे रेझिस्टर लाइनच्या दोन टोकांनाच लावा, प्रत्येक डिव्हाइसवर नको.

टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरून मॉडबस चालवताना, कनेक्शन होत नाही म्हणून फायरवॉलच बंद करणं मला अजिबात मान्य नाही. साध्या मॉडबस टीसीपीला पासवर्ड नसतो. मॉडबसचं 502 पोर्ट फक्त त्या मास्टरच्या आयपीला उघडा, आणि समोरच्याला नुसतं वाचायचं असेल तर लिहिण्याची परवानगी देऊच नका.