शो क्लासची तयारी: घोडा, सामान आणि स्वार

शो क्लासमध्ये, म्हणजे घोड्यांच्या प्रदर्शनी स्पर्धेतल्या एका वर्गात, परीक्षक घोड्याची ठेवण, चाल आणि वागणूक बघतात. तयारी करायची ती हे सगळं नीट दिसावं म्हणून. वरातीच्या घोड्यासारखं नटवलंत तर नजर सजावटीवरच अडकते आणि गुण जातात. त्यामुळे आधी आपला घोडा कोणत्या वर्गात उभा राहणार आहे ते ठरवा. हंटरला (शिकारीच्या स्वारीचा दणकट घोडा) सपाट चामड्याचं साधं ब्रायडल, म्हणजे डोक्यावरचा लगामाचा साज, आणि रुंद नोजबँड, म्हणजे नाकावरची पट्टी. हॅकला (हलक्या बांध्याचा डौलदार घोडा) नाजूक नोजबँड, आणि रंगीत ब्राउबँड, म्हणजे कपाळावरची पट्टी, चालतो. कॉबची (ठेंगण्या, भरदार घोड्याची) आयाळ मशीनने पूर्ण उतरवतात, अरबी घोड्याची मोकळी ठेवतात, हंटर आणि हॅकच्या वेण्या घालतात. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा असेल तर त्या स्पर्धेचं नियमपत्रक वाचल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

आयाळीची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू होते. लांबी साधारण १० ते १२ सेंटीमीटर हवी. व्यायाम झाल्यावर, अंग गरम असताना, आतल्या बाजूचे लांब केस रोज थोडेथोडे उपटा. एकाच दिवशी सगळं उरकायला गेलात तर कातडी दुखावते आणि पुढच्या वेळी घोडा मान हातात देत नाही. वेण्यांच्या आदल्या दिवशी आयाळ धुऊ नका, ताजे धुतलेले केस बोटांतून सुटतात. दोन दिवस आधी धुवा. चमक आणणारा स्प्रे आयाळीवर नको आणि सॅडलच्या जागी तर अजिबात नको, सॅडल घसरते.

वेण्या स्पर्धेच्या पहाटेच घाला. रात्री घातल्या तर घोडा मान घासतो, केस तुटतात. कंगव्याने सारखे भाग पाडा, केस ओले करा, मुळापासून घट्ट विणा. आयाळीच्याच रंगाच्या जाड दोऱ्याने टोक बांधा, वेणी दुमडून गुंडाळी करा आणि सुई खालून वर काढत पक्की शिवा. मानेवर विषम संख्या ठेवायची रीत आहे, कपाळावरची वेणी वेगळी. आखूड मानेला जास्त आणि बारीक वेण्या घातल्या की ती लांब दिसते. मान वरून खोलगट असेल तर वेण्या जरा उंच बसवा, कड भरल्यासारखी वाटते.

शेपटीचं टोक घोडा चालताना गुडीच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या, सुमारे १० सेंटीमीटर खाली यायला हवं. मोजताना सईसाला शेपटीच्या मुळाखाली हात घालून ती चालतानाच्या उंचीवर धरायला सांगा आणि मग सरळ कापा. लोंबत्या शेपटीवर मापलं की चालताना ती आखूड पडते. ही चूक फार दिसते. प्रवासात बांधायची पट्टी कोरडी असू द्या. ओली पट्टी सुकताना आवळते आणि रक्तप्रवाह अडतो.

आंघोळ आदल्या दिवशी दुपारी, आयाळ सोडून, पाणी निथळून पूर्ण सुकेपर्यंत वेळ मिळेल अशी. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत अंगात ओल राहिली तर कातडीला बुरशीचा त्रास होतो. शॅम्पू राहिला तर खाज सुटते. पांढऱ्या पायांना खडूची पूड पाय कोरडे झाल्यावरच लावा. डोळ्यांभोवती आणि नाकाशी बेबी ऑइलचा अगदी हलका हात पुरे, पण गुलाबी कातडीवर तेल नको. उन्हात ती भाजते. मिशा आणि कानातले केस राहू द्या. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने मिशा कापण्यावर २०२१ पासून बंदी घातली आहे, आणि कानातले केस माश्या-धूळ अडवतात. खुरांना तेल रिंगणात शिरण्यापूर्वी, चटईवर उभं करून. वाळूत लावलंत तर सगळी वाळू चिकटते.

चामड्याला पावसाळ्यात इथे हमखास बुरशी धरते, तेव्हा सामान स्पर्धेच्या आठवड्यात नव्हे, महिनाभर आधी उघडून बघा. ग्लिसरीन साबण जवळजवळ कोरड्या स्पंजवर घ्या. फेस आला म्हणजे पाणी जास्त झालं. आदल्या रात्री तेल लावू नका, ब्रीचेसला, म्हणजे स्वारीच्या तंग विजारीला, डाग पडतात. धातूचं पॉलिश कड्यांना चालेल, तोंडात जाणाऱ्या भागाला नाही. पट्ट्यांची टोकं कड्यांत गेलेली हवीत. सॅडलखालचं नम्ना, म्हणजे पातळ गादी, सॅडलच्याच आकाराचं आणि रंगाचं असावं. पांढरं चौकोनी कापड ड्रेसाज या वेगळ्या स्पर्धाप्रकाराचं, इथे नको.

हंटर क्लासला स्वाराचा ट्वीडचा कोट, शर्ट-टाय, फिकट पिवळी किंवा बदामी ब्रीचेस, चामडी हातमोजे आणि उंच बूट. पांढरी ब्रीचेस इथे चुकीची दिसते. जानेवारीतही दुपारी तापतं म्हणून कोट हलक्या लोकरीचा शिवून घ्या, बाही मनगटाच्या हाडापर्यंत, आणि घोड्यावर बसून बघा, कारण उभं असताना नीट बसणारी बाही हात पुढे गेल्यावर वर चढते. लहान मुलांना जोधपूर पँट आणि घोट्यापर्यंतचे बूट. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बसलेला, केस जाळीत, कानातले डूल काढलेले. टायला पिन लावा, नाहीतर ती दौडीत तोंडावर उडते.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जायचं असेल तर वेण्या तबेल्यातच घालून निघा. शेवटच्या दहा मिनिटांत सईसाकडे एक ओलं फडकं, एक कोरडं फडकं, मऊ ब्रश आणि सुई-दोरा ठेवा. घोड्याच्या ओठांवरचा फेस, बुटांची धूळ, रिकिबीखालची माती, सुटलेली वेणी, या क्रमाने हात फिरवा. क्लास संपला की दोरा उसवणीच्या चाकूने तोडा, कात्रीने घाईत आयाळच कापली जाते.